आधी दार आठवलं

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर बरंच लांबलं, पण मला ते कापवेना. पत्रं जरा संक्षिप्त केली आहेत आणि नावं वगळली आहेत. मी ठाण्याला नौपाड्यात राहते, वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. त्यामुळे उत्तरात नसा आणि मज्जारज्जू येणारच, तेवढं चालवून घ्यावं.

प्रश्न : बाई, मी चौतीस वर्षांची आहे. कोपरखैरण्याला माथाडी वसाहतीत राहते. मिस्टर वाशीला कांदा-बटाटा मार्केटला कामाला आहेत. गेल्या श्रावणात सोमवार सोडायला वरण लावलं होतं. दोन शिट्ट्या झाल्या, तिसरी येईना. मी फळीवरचा तुपाचा डबा काढत होते तेवढ्यात धाडकन आवाज झाला. कुकरचं झाकण उडून छताला लागलं. मला कळलं तेव्हा मी बाहेर ओट्यावर उभी होते, अनवाणी, हातात तुपाचा डबा. माझा पावणेचार वर्षांचा मुलगा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गाडी घेऊन बसला होता. मी त्याच्यावरून उडी मारूनच गेले असणार, कारण दुसरी वाट नाही. मला दाराची कडी आठवते, तो आठवत नाही. तो रडला तेव्हा मी परत आत धावले. त्याच्या डाव्या हातावर वरण उडालं होतं. उचलला आणि मोरीतल्या नळाखाली धरला. आता हात बरा आहे, फिकट डाग राहिलाय. पण सासूबाई त्या दिवशी म्हणाल्या, "माकडिणीची गोष्ट खरीच म्हणायची." त्या आता विसरल्यात. मी विसरले नाही. तेव्हापासून वरण पातेल्यात शिजवते. शेजारच्या घरात शिट्टी झाली तरी हाताला घाम सुटतो. आईला आधी मूल आठवायला पाहिजे ना? मला दार कसं आठवलं?

उत्तर : तू माझ्या भाचीच्या वयाची आहेस, म्हणून अगं-तुगं करते.

तुझ्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले. "मी त्याच्यावरून उडी मारूनच गेले असणार." म्हणजे तू त्याला तुडवलं नाहीस. तुझा पाय त्याला लागला नाही, त्याच्या गाडीला अडखळून तू पडलीही नाहीस. पायाखाली काहीतरी आहे, हे डोळ्यांनी पायांना कळवलं होतं. ते काहीतरी म्हणजे आपला मुलगा, हे मनाला कळायला मात्र अजून वेळ होता. मेंदूत पाहण्याचे दोन मार्ग असतात. एक हातापायांना वाट दाखवतो आणि दुसरा समोर काय आहे ते ओळखतो. घाईत पहिला पुढे जातो. मुलगा तुला आठवत नाही, याचा अर्थ तुझ्या शरीराने त्याची पर्वा केली नाही असा तू लावतेस. तुझ्याच पत्रातला पुरावा तुझ्या बाजूचा आहे.

आता त्या एका सेकंदात काय झालं ते सांगते, कारण तू त्या सेकंदावरून स्वतःला जोखते आहेस.

मोठा आवाज कानात शिरला की मेंदूच्या तळाशी, मानेच्या वर, एक छोटीशी साखळी जागी होते. तिथून निघालेला निरोप पापण्यांपर्यंत पोहोचायला सेकंदाचा विसावा भागसुद्धा लागत नाही. डोळे मिटतात, खांदे वर येतात, मान आत जाते. हे तान्ह्या बाळातही असतं आणि आजोबांमध्येही असतं. तुला, मला, तुझ्या सासूबाईंना, कोणालाच यात निवड नाही. त्यानंतरचं पळणं जरा वेगळं. ते नुसतं दचकणं नव्हे. मेंदूच्या आत बदामाएवढा एक भाग आहे, त्याला अमिग्डाला म्हणतात. धोका आहे असं त्याने ठरवलं की मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रेनलिन सोडतात, काळीज धडधडतं, पोटाचं काम थांबतं, तोंड कोरडं पडतं आणि रक्त मांड्या-पोटऱ्यांकडे वळतं. वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी याला लढा किंवा पळा असं नाव दिलं. तुझे पाय पळाले, कारण उडालेल्या झाकणाशी लढता येत नाही.

अशा वेळी लक्ष बोगद्यासारखं अरुंद होतं. सुटकेची वाट तेवढी दिसते, बाकीचं अंधुक होतं. म्हणून तुला कडी आठवते, तीही अगदी स्पष्ट, कारण भीतीच्या क्षणी जे लक्षात येतं ते मेंदू खोल कोरून ठेवतो. तू बाहेर पडताना मुलाला टाकून निघाली नव्हतीस. तो तिथे आहे, ही गोष्टच त्या क्षणी तुझ्याजवळ नव्हती. "आधी हा की आधी मी" असं ठरवायला दोन्ही गोष्टी मनात हव्यात. एका ठरलेल्या आवाजाला साधं बटण दाबायचं म्हटलं तरी माणसाला पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो. दोहोंतून एक निवडायचं तर आणखी. तू निवडलंस ते ओट्यावर उभं राहून, त्याचं रडणं ऐकल्यावर. आणि जिथून नुकतीच पळाली होतीस, जिथे वाफ भरली होती, गॅस पेटलेला होता की विझला होता हेही ठाऊक नव्हतं, तिथे अनवाणी शिरलीस. तेव्हा तुझं शरीर तुला मागे खेचतच होतं.

माकडिणीच्या गोष्टीबद्दलही सांगते. हौदात माकडीण आणि तिचं पिल्लू, पाणी वाढत जातं, पिल्लाला ती कडेवर घेते, डोक्यावर घेते, आणि पाणी नाकाशी आलं की पिल्लाला पायाखाली घेऊन त्याच्यावर उभी राहते. लहानपणी आपण सगळ्यांनीच ऐकली. मला ती कधीच आवडली नाही. मोठी झाल्यावर कळलं का ते. बाहेर पडायची एकही वाट न ठेवता एका आईला बुडवायला काढायचं, काठावर उभं राहून बघायचं, आणि ती गुदमरल्यावर तिच्या आईपणाचा निकाल लावायचा. काठावरच्यांना मात्र गोष्टीत कोणी काही विचारत नाही. आणि पाणी गळ्याशी येईपर्यंत तिने पिल्लाला डोक्यावर धरलं होतं, तेही आपण सांगताना भरभर उरकतो. सासूबाई भेदरल्या होत्या, नातवाच्या हातावर फोड बघून तोंडाला आलं ते बोलल्या. त्यांना तू माफ कर न कर, पण त्या गोष्टीत स्वतःला बसवू नकोस.

माझ्या वडिलांचं सांगते. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. पत्रा साच्यात ठेवायचा, दोन हातांनी दोन बटणं दाबायची, मग वरचा ठोकळा खाली येऊन पत्र्याला आकार द्यायचा. दोन बटणं अशासाठी की ठोकळा येताना दोन्ही हात साच्याबाहेर असावेत. पण पैसे नगावर मिळत. एका बटणात लाकडाची खुट्टी मारून ते कायमचं दाबून ठेवलं की एक हात मोकळा राहतो आणि नग जास्त निघतात. सगळेच करायचे, वरच्यांना दिसायचं, कोणी काढायला सांगायचं नाही. मी आठवीत होते तेव्हा बाबांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं गेली.

त्यांच्या मदतीला कोकणातून आलेला विशीतला मुलगा होता. किंकाळी ऐकली आणि तो पळाला. मशीनचा स्विच वाटेतच होता, त्याच्यावरून पळाला, थेट गेटबाहेर. मग परत आला. अंगातला शर्ट काढून बाबांच्या हाताला गुंडाळला, टेम्पोत त्यांच्याशेजारी बसला आणि हॉस्पिटल येईपर्यंत त्यांचा हात कोपरापासून वर उचलून धरून ठेवला. पुढे कितीतरी वर्षं तो दसऱ्याला सोनं द्यायला आमच्याकडे यायचा. खुर्चीवर बसायचा नाही, दाराशी उभा राहायचा. आई चहा द्यायची तो उभ्याने प्यायचा. त्याला फक्त पळालेलं आठवायचं. बाबांना विचारलं तर ते सांगायचे, "पोराचा हात भरून आला असेल, पण त्याने माझा हात खाली येऊ दिला नाही." पळाल्याचा उल्लेख बाबांच्या तोंडून मी एकदाच ऐकला, तोही त्या मुलानेच विषय काढला म्हणून.

मी पुढे या विषयाकडे का वळले, याचं उत्तर बहुधा तिथेच आहे. वर्गात दरवर्षी मी हात मागे घेण्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेपासून सुरुवात करायचे. तव्याला बोट लागलं की निरोप मज्जारज्जूपर्यंत जातो आणि तिथूनच दंडाच्या स्नायूला हुकूम सुटतो. हात मागे येतो आणि दुखल्याचं मेंदूला नंतर कळतं. म्हणूनच "आई गं" आपण हात काढून झाल्यावर म्हणतो. चार्ल्स शेरिंग्टन यांनी अशा क्रियांवर आयुष्य घालवलं, त्यांना १९३२ चं नोबेल मिळालं. इतकी सुंदर व्यवस्था. पण पत्र्याच्या साच्यापुढे ती तोकडी पडते, कारण प्रेसचा ठोकळा चटका देत नाही, तो लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. यंत्रांभोवती संरक्षण किती लांब ठेवायचं याचा हिशेब करताना माणसाचा हात सेकंदाला १.६ मीटर सरकतो असं धरतात. शरीराच्या चपळाईवर विसंबू नये म्हणून तेव्हाच्या, १९४८ च्या कारखाना कायद्यात यंत्रांना कुंपण घालायची सक्ती होती. बाबांचं कुंपण त्या खुट्टीने काढलं होतं.

तेव्हा तुझ्या घरातलं कुंपण आपण नीट करू. वरणाचा कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, डाळ फेसाळते आणि शिट्टीखालची नळी बुजवते. तिसरी शिट्टी येईना, तेव्हा बहुधा हेच झालं असावं. लावण्याआधी झाकण उजेडाकडे धरून त्या नळीतून आरपार दिसतंय का बघायचं. सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा, त्याच मापाचा घ्यायचा, रस्त्यावर मिळतो तो नाही. शिट्टी अडली तर गॅस बंद करायचा आणि कुकरला हात न लावता लांब जायचं. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून दोन हात अलीकडे फरशीवर खडूने रेघ मार. गाडी रेघेच्या पलीकडे नाही. मुलं अशी रेघ आपल्यापेक्षा कडक पाळतात.

दुसरं, तालीम कर. खरोखर, अंगाने. संध्याकाळी घरात कोणी नसताना मोठ्याने त्याचं नाव घ्यायचं, गॅसचं बटण फिरवल्यासारखा हात करायचा, वाकून त्याला उचलल्यासारखं करायचं आणि दाराबाहेर यायचं. आठ-दहा वेळा, अधूनमधून. तोंडाने नाव घेण्याची सवय लागली की लक्षाच्या त्या बोगद्यात त्यालाही जागा मिळते. दचकणं तरीही होईल, ते जाणार नाही.

शिट्टीला घाम सुटतो तेही त्याच रक्षणाचं काम आहे. त्या आवाजाला धोका म्हणायला तुझा मेंदू एका दिवसात शिकला. उलटं शिकायला त्याला पुष्कळ वेळा दाखवावं लागेल. पहिल्या आठवड्यात कुकर नुसता स्वयंपाकाच्या ओट्यावर असू दे. मग त्यात दोन वाट्या पाणी घालून मिस्टर घरी असताना एक शिट्टी होऊ दे, तू बाहेरच्या ओट्यावर उभी राहून ऐक. मग दारात उभी राहून. मग आत. घाई नको. झोप लागत नसेल, तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर फोन कर, मराठीतून बोलता येतं.

एक राहिलं. नळाखाली हात धरायचं तुला कोणी सांगितलं होतं? हळद नाही, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, वाहतं पाणी. तेच बरोबर आहे आणि ते वीस मिनिटं करायचं असतं. त्याचा डाग फिकट का राहिला, याचं कारण त्यातही आहे.

प्रश्न : मी ठाण्यात कॉलेजला आहे, बसने घोडबंदर रोडला जाते. मागच्या महिन्यात गर्दीत एका माणसाने मागून अंगाला हात लावला. मी काहीच केलं नाही. दोन स्टॉप तशीच उभी राहिले, ओरडावंसं वाटत होतं पण आवाज निघेना. मैत्रीण म्हणते, "तू गप्प राहिलीस म्हणून त्याची हिंमत वाढली." मी कराटेचा ब्राऊन बेल्ट आहे. मग मला काय झालं?

उत्तर : बाळ, तुझं शरीर गोठलं. लढणं आणि पळणं सगळ्यांना माहीत असतं, या तिसऱ्या गोष्टीबद्दल कोणी बोलत नाही. टिटवी ओरडली की तिची पिल्लं जमिनीला चिकटून दगडासारखी पडतात. पावसात दिसणारा पैसा किडा हात लावताच चकली होऊन बसतो. पळायला जागा नाही आणि समोरचा अंगाला भिडलेला आहे, अशा वेळी माणसाच्या मेंदूतही तोच जुना हुकूम सुटतो. स्नायू ताठ होतात आणि आवाज घशात अडकतो. खचाखच भरलेल्या बसमध्ये तुला पळायला कुठे जागा होती? कराटेच्या वर्गात समोरचा माणूस तुला दिसतो, गुरुजी सुरुवात करा म्हणतात. इथे कोणी सुरुवात सांगितली नाही.

मैत्रिणीचं म्हणणं चूक आहे, आणि ते तिला वाचायला दे. हिंमत त्याचीच होती, ती तू दिलेली नव्हे. बलात्काराच्या व्याख्येत आपल्या कायद्याने २०१३ पासून स्पष्ट लिहून ठेवलं आहे की बाईने अंगाने प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं धरता येत नाही. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही ते कायम आहे. तुझ्याबाबतीत घडलं तो त्याच संहितेच्या कलम ७४ आणि ७५ खाली येणारा गुन्हा ठरू शकतो. तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. महिना झाला म्हणून दारही बंद झालेलं नाही.

पुढच्या वेळेसाठी (ती न येवो) एकच वाक्य ठरवून ठेव आणि ते घरी पूर्ण आवाजात म्हण, मनात नको. "कंडक्टर, गाडी थांबवा." लहान, नेहमीचं, लाज वाटू नये असं. गोठलेल्या घशातून नवं वाक्य निघत नाही, घोकलेलं निघायची शक्यता जास्त. बसमधून ११२ ला फोन कर, लोकलमध्ये असलीस तर रेल्वेच्या १३९ ला. आणि पुन्हा आवाज निघाला नाही, तरी माझं मत तुझ्याबद्दल आज आहे तेच राहील.

प्रश्न : बाबा सहासष्ट वर्षांचे, सतरा वर्षं मधुमेह. चरईत राहतो. पाडव्याला स्वागतयात्रेत कौपिनेश्वराच्या पालखीबरोबर ते दरवर्षी अनवाणी चालतात. यंदा घरी येऊन मोजे घातल्यावर माझ्या बायकोला त्यांच्या मोज्याला ओल दिसली. दोन्ही तळव्यांना फोड होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. ते म्हणतात, दुखत नाही म्हणजे काही नाही. आम्ही काळजी करतो ती जास्त आहे का?

उत्तर : मुळीच जास्त नाही. वरच्या दोन पत्रांतल्या मुलींना त्यांच्या शरीराने केलेल्या रक्षणाचा त्रास झाला. तुमच्या वडिलांच्या पायांत ते रक्षणच उरलेलं नाही. डॉक्टर याला संरक्षक संवेदना जाणं असंच म्हणतात. साखरेने पायाच्या नसा मरतात, तापलेल्या डांबराचा निरोप मज्जारज्जूपर्यंत जातच नाही, मग पाय मागे कोण घेणार? कुष्ठरोगात बोटं झडतात असं लोक पिढ्यान्‌पिढ्या समजत होते. वेल्लोरला काम केलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं रोगाने गळत नाहीत, वेदना कळत नाही म्हणून पुन्हापुन्हा भाजून-कापून झिजतात. "दुखत नाही" हे वाक्य तुमच्या वडिलांच्या बाबतीत सगळ्यात भीतीदायक आहे, त्यांना ते तसंच सांगा.

फोड फोडू नका. आजच दाखवून या, आणि डॉक्टरांना मोनोफिलामेंटची चाचणी करायला सांगा. नायलॉनचा एक बारीक दोरा तळव्याला टेकवतात, दहा ग्रॅमचा दाब कळतो की नाही ते पाहतात. पाच मिनिटांचं काम आहे, दरवर्षी करावं. घरातसुद्धा चप्पल. चप्पल घालण्याआधी झटकून आत हात फिरवायचा, खडा असला तर त्यांना कळणार नाही. आंघोळीचं पाणी त्यांनी पायाने नाही, कोपराने तपासायचं. गरम पाण्याची पिशवी घरातून काढून टाका. कुरुपं ब्लेडने कापत असतील तर तेही बंद.

देवदर्शन सोडायला सांगू नका, ते ऐकणार नाहीत आणि ऐकू नये असंच मला वाटतं. देवळात चपला चालत नाहीत, पण भल्या पहाटे फरशी गार असते, तेव्हा घेऊन जा. पुढच्या पाडव्याला तलावपाळीला सावलीत खुर्ची टाका, पालखी येईल तेव्हा त्यांना उभं करा. आणि आज रात्री जेवणं झाली की त्यांचे पाय मांडीवर घेऊन, चांगल्या उजेडात, बोटांच्या बेचक्यांसकट पाहा. टाचेच्या मागची बाजू त्यांना स्वतःला दिसत नाही, तिथे नक्की बघा.